उरळीचे मणिभाई आणि आमची दावण

आमच्या घरात गांधीजींचा विषय निघाला की जीजी आधी ताकाचं सांगायची. जीजी म्हणजे माझी आजी. तिची सासू, जिला सगळे थोरली जीजी म्हणत, गांधीबाबाला बघायला उरळीला चालत गेली होती. आमचं गाव यवतजवळ, भुलेश्वराच्या डोंगराखाली. तिथून उरळी कांचन चार कोस. शिमगा नुकताच झाला होता, ऊन तापायला लागलं होतं, आणि बरोबर आळीतल्या चार बायका होत्या. थोरलीच्या पोटात सारखं दुखायचं. कधीकधी जीजी हे सांगताना पोटाच्या जागी गुडघे यायचे, पण ताक कधी चुकलं नाही. तिथं तिच्या पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवली, रामनाम घ्या म्हणून सांगितलं आणि ताक प्यायला सांगितलं. थोरली रागावून परतली. "ताक तर माझ्याच डेऱ्यात हुतं. तेवढ्यासाठी चार कोस चालले व्हय मी?" असं म्हणाली म्हणे. पण त्यानंतर मरेपर्यंत ती जेवणाच्या शेवटी भांडंभर ताक घ्यायचीच, आणि घेताना "बाबानं सांगितलंय" असं म्हणायची.

थोरलीनं गांधीजींना समोरून पाहिलं की गर्दीतून नुसती पाठ पाहिली, यावर आमच्या घरात दोन मतं होती. तात्यांचं, म्हणजे आजोबांचं, म्हणणं पाठच पाहिली. जीजी म्हणायची, तोंडावर हसला तिच्या. मी जीजीच्या बाजूनं आहे.

ते साल 1946. गांधीजी 22 मार्चला उरळीत आले आणि आठवडाभर राहिले. दोनच दिवसांनी ब्रिटिशांचं कॅबिनेट मिशन दिल्लीत उतरलं. सगळ्या देशाचं लक्ष तिकडे, आणि म्हातारा इथं पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका कोरडवाहू गावात लोकांची खरूज, ताप आणि पोटदुखी बघत बसलेला. पुण्याला डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं, पण शहरातलं केंद्र गरिबाच्या कामाचं नाही असं गांधीजींच्या मनानं घेतलं होतं. माती, पाणी, ऊन आणि हवा खेड्यातच फुकट मिळतात, तर उपचारही तिथंच व्हायला हवेत. उरळीला रेल्वे स्टेशन होतं, हवा कोरडी होती, गावकऱ्यांनी जमीन दिली. निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि गांधीजी दिल्लीच्या गाडीत बसले.

मागे जी माणसं राहिली त्यांत विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा भावे होते आणि एक पोरसवदा गुजराती तरुण होता, मणिभाई देसाई. त्याला सव्वीसावं पुरं व्हायला महिना बाकी होता.

तात्यांच्या तोंडी हे नाव मी इतक्यांदा ऐकलंय, की लहानपणी मला मणिभाई आमच्या भावकीतलेच वाटत. सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी 27 एप्रिल 1920 ला शेतकऱ्याच्या घरी जन्म. बारडोलीचा सत्याग्रह झाला तेव्हा हा आठ वर्षांचा, दांडीयात्रा त्याच मुलखातून गेली तेव्हा दहाचा होत आलेला. अशा हवेत वाढलेलं पोर कॉलेजात विज्ञान शिकलं, पण बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलं आणि सुटल्यावर गांधीजींपाशी पोचलं. उरळीच्या कामाला उभं आयुष्य देईन असा शब्द त्यानं गांधीजींना दिला. पावणेदोन वर्षांत शब्द घेणारा गेला. अशा वेळी बरेच जण आपापल्या गावी परततात, त्यांना कोणी बोलही लावत नाही. हा गेला नाही. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, सत्तेचाळीस वर्षं उरळीतच राहिला.

आमच्या भागातल्या लोकांना आधी वेगळंच वाटलं होतं. गुजराती माणूस गावात आला म्हणजे दुकान टाकणार, मग उधारी, मग गहाणखत, हा लोकांचा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव. तात्या सांगायचे, बाजारला गेलो की आम्ही मुद्दाम आश्रमाकडून वळसा घालून जायचो, ह्यानं दुकान उघडलं का बघायला. दुकान दिसेना. दिसायचा गोठा. आणि गोठ्यात अशा गाई, की आमच्याकडे कोणी पाहिल्या नव्हत्या.

त्या गीर गाई. काठेवाडातलं हे वाण. आमच्याकडे तेव्हा खिल्लार: पांढरीफटक, लांब शिंगांची, तापट, दुधाला नावापुरतीच, पण तिचा खोंड औताला सोन्याचा. गीर गाय तांबूस, ठिपक्यांची, पुढे आलेल्या रुंद कपाळाची, शिंगं मागे वळलेली आणि कान विड्याच्या पानासारखे लांब, खाली लोंबणारे. आणि शांत. तात्यांना त्या शांतपणाचंच नवल वाटलं होतं. तिथं रोज प्रत्येक गाईचं दूध मापून वहीत लिहीत. "मानसाची जल्मतारीख आमाला ठावं न्हाय, आन् तिथं गाईचं दूध रोजच्या रोज लिवत्यात," हे ते शेवटपर्यंत सांगायचे. त्यांना स्वतःची जन्मतारीख खरंच माहीत नव्हती. शाळेत मास्तरांनी टाकलेली 1 जून.

गाईची सेवा हा गांधीजींच्या जवळचा विषय होता. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीला सगळं सोडून गोसेवेचंच काम हाती घेतलं होतं. पण गांधीजींचा कटाक्ष असा, की गाय वाचायची असेल तर ती शेतकऱ्याला परवडली पाहिजे. नुसत्या पांजरपोळांनी ती वाचणार नाही. चांगलं वाण, चांगला चारा आणि भरपूर दूध यांनीच वाचेल. मणिभाईंनी हे हिशेबात धरलं. विज्ञान शिकलेला हा तरुण शेण काढता काढता पशुपालन शिकला. आश्रमाच्या रानात विहीर, चारा, फळझाडं, द्राक्षाची बाग असं एकेक उभं राहिलं. गावात शाळा निघाली. उरळीकडची द्राक्षं तात्यांनी एकदा फडक्यात बांधून आणली होती. जीजीनं ती देवापुढे ठेवली आणि संध्याकाळपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही, कारण द्राक्ष हे फळ आमच्या घरात आजारी माणसाशिवाय कोणी खाल्लेलं नव्हतं.

इथवर ही गोष्ट एका चांगल्या आश्रमाची झाली. तशा आश्रमांना देशात तोटा नव्हता. मणिभाईंचं वेगळेपण मला पुढच्या भागात दिसतं. आश्रमाच्या गाई उत्तम दूध देऊ लागल्या, पण चार कोसांवरच्या आमच्या दावणीला त्याचा काय उपयोग? गीर वळू आणायचा म्हटला तर पैसा कुठला, आणि आणला तरी एक वळू किती गावांना पुरणार? चाळिशी उलटल्यावर त्यांनी याच प्रश्नाला हात घातला. 1967 साली भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन निघालं. लोक त्याला बायफ म्हणतात. 24 ऑगस्टला राष्ट्रपती झाकिर हुसेन उद्घाटनाला उरळीत आले होते. पुढच्याच वर्षी मणिभाईंना पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती येणार म्हणून रस्त्यावर खडी पडली आणि ती खडी बघायला आमच्या गावचे लोक गेले होते, एवढंच त्या दिवसाचं वर्णन तात्यांच्या तोंडून मी ऐकलंय. राष्ट्रपतींचं नाव घेताना ते नेहमी "झाकिर हुसेन साहेब" म्हणत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या वयाच्या माणसांना हा शब्द पुरतो, पण लहानांसाठी सांगते. आधीच्या साली पाऊस कमी, बहात्तरला जवळजवळ नाहीच. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरायचं. गावातली जवळजवळ सगळी माणसं खडी फोडायला नाहीतर पाझर तलावाच्या कामावर. लाल मिलो ज्वारीची भाकरी, ती थापताना तुटायची, आणि पोरांना सुकडी. सुकडीचा गोडूस वास अजून कधी नाकाशी आला की मी तिथंच थांबते. जनावरांना कडबा नव्हता. आमची खिल्लारी बैलजोडी तात्यांनी विकली. विकून आले ते ओसरीवर बसले आणि कोणाशी बोलले नाहीत. रात्री जीजीनं ताट पुढे ठेवलं, ते तसंच झाकून राहिलं. दावणीला एकच गाय उरली. तिची हाडं मोजावीत अशी दशा, पण ती तगली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, पाऊसपाणी ठीक झाल्यावर, आमच्याकडे बायफचे मोटरसायकलवरचे डॉक्टर येऊ लागले. ते रीतसर डॉक्टर नसत, प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ असत, पण गावानं त्यांना डॉक्टरच केलं. मोटरसायकलला मागे एक जाड बुटकं भांडं बांधलेलं. गाय माजावर आली की निरोप धाडायचा, ते घरी यायचे. गाय कुठं न्यायची नाही. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. बायकांनी नि पोरांनी तिथं थांबू नये असा जीजीचा हुकूम, म्हणून मी कणगीच्या आडून पाहिलं. डॉक्टरांनी भांड्याचं झाकण काढलं आणि आतून पांढरी वाफ वर आली. चूल नाही, जाळ नाही, आणि वाफ. ती काठावरून खाली उतरली नि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरली. त्यांनी चिमट्यानं एक बारीक नळी काढली, गवताच्या काडीएवढी. जीजीला कोमट पाणी मागितलं. तिनं पितळी पेल्यात दिलं. नळी त्यात क्षणभर धरली, फडक्यानं पुसली, मग खांद्यापर्यंतचा मोजा चढवला. पाच मिनिटांत काम झालं. वहीत तारीख लिहिली, पैसे घेतले आणि चहा घेऊन गेले. ती वाफ द्रवरूप नायट्रोजनची, उणे 196 अंशांची, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आणि त्या नळीत एका विलायती वळूचं गोठवलेलं रेत होतं.

जीजीनं तो पेला नंतर चिंच लावून तीनदा घासला आणि गोठ्यातच ठेवून दिला. पुढे डॉक्टरांचा पेला म्हणून तो तिथंच राहिला.

तात्या राजी नव्हते. त्यांची अडचण सोवळ्याची नव्हती, औताची होती. विलायती गाईला वशिंड नसतं. संकरित खोंडालाही ते जेमतेमच येतं, मग मानेवर जू टिकणार कशावर? आणि उन्हात तो बैल धापा टाकणार. त्यात शेजारच्यांनी भर घातली, की असल्या गाईचं दूध पाणचट, त्याला साय धरत नाही, पोरांची पोटं बिघडतात. यातलं औताचं म्हणणं खरंच होतं. संकरित खोंडांचं काय करायचं, हा प्रश्न आजही कोणाला नीट सुटलेला नाही. पण जीजीनं एका वाक्यात निकाल लावला. "बैल इकून झालं, आता दूध तरी इकू."

कालवड झाली. काळी, कपाळावर पांढरा टिळा. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस आमच्याकडे आळीभर जायचा. गूळ, वर जायफळ, आणि डबा मोठ्या पातेल्यात उकडायला ठेवलेला. खालचा थर जरा गडद व्हायचा, तोच सगळ्यांना हवा असायचा. त्या खेपेला जीजीनं पहिला वाटा भुलेश्वराला ठेवला आणि दुसरा डॉक्टरांना. ते आले तेव्हा त्यांना ओसरीवर बसवून खायला लावलं. त्यांनी वाटी पुरी केली नि म्हणाले, "आजी, कालवड जपा. खोंड मागू नका देवाकडं." घरात लेकीचा जन्म झाला की सुस्कारा टाकायची रीत होती त्या काळात, आणि गोठ्यात कालवड झाली तर डॉक्टर तिला जपा म्हणत होते. हे जीजीच्या मनाला फार लागलं असावं. ती पुष्कळदा बोलून दाखवायची.

ती कालवड तीन वर्षांत व्याली. खिल्लार गाय वेळेला दोन लिटर देई, ही आठ-नऊ लिटरवर गेली. डेअरीचा कॅन सायकलवर येऊ लागला. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल. ही गोष्ट शहरातल्या माणसाला सांगूनही नीट कळायची नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा वर्षातून एकदा येतो, माल गेला तर. महिन्यातून तीनदा पैसा येणं हे आमच्या घरानं कधी पाहिलंच नव्हतं. दूध जीजी काढायची, म्हणून बिलही जीजीच घ्यायची. डेअरीवाले तात्यांच्या हातात पैसे द्यायला लागले, तर तात्याच म्हणाले, "तिचं हाये, तिला द्या." संध्याकाळचं दूध कॅनमध्ये जायच्या आधी पोरांपुरतं एक भांडं काढून ठेवायचं, हा तिचा दंडक. दुधाच्या पैशापायी पोरं कोऱ्या चहावर ठेवलेली घरं आमच्याच आळीत होती, ती जीजीला खपत नसत.

मणिभाईंच्या डोक्यातली आखणी नेमकी हीच होती, हे मला फार पुढे वाचनातून उमगलं. सेवा गोठ्यापर्यंत गेली पाहिजे, तिचं मोल थोडं तरी घेतलं पाहिजे, आणि गाय ही भूमिहीन नि अल्पभूधारकाच्या घरची मिळवती झाली पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात त्यांनी सहकारी साखर कारखान्यांना यात ओढलं. सभासदांच्या गाईंसाठी केंद्रं निघाली, आणि मग हे काम गुजरात, कर्नाटक, राजस्थान, उत्तर प्रदेश असं पसरत गेलं. लाळ्या-खुरकुतावरची लस वाघोलीत तयार होऊ लागली. चाऱ्यासाठी सुबाभूळ आली. तिचं बी तात्यांनी बांधाला टोकलं आणि दोन वर्षांत ती अशी माजली, की पुढे काढता काढता पुरेवाट झाली. पण उन्हाळ्यात हिरवा पाला तिनंच दिला. नुसता तोच पाला घालू नका, कडब्यात मिसळून घाला, असं डॉक्टर बजावायचे.

1982 साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, सार्वजनिक सेवेसाठी. त्याच वर्षी चिपको चळवळीचे चंडीप्रसाद भट्ट आणि पत्रकार अरुण शौरी यांनाही मिळाला होता. बातमीचा पेपर पारावर आला तेव्हा तात्यांनी तो दोनदा वाचून घेतला. स्वतःला अक्षरं लावता येत, पण अशा वेळी ते दुसऱ्याकडून ऐकत. पुरस्कार त्यांना कळला नाही, गाव कळलं. "उरळीचं नाव फिलिपिन्सात गेलं," एवढं ते बोलले. त्याच सुमाराला मणिभाई दक्षिण गुजरातेत वांसद्याच्या आदिवासी गावांत वाडीचं काम सुरू करत होते: प्रत्येक कुटुंबाला एकरभर उतारावर आंबा नि काजू, बांधाला सरपणाची झाडं, मधे भाजी नि धान्य. पुढे ही वाडी आपल्याकडे जव्हारमध्ये आली. साठीला टेकलेला माणूस पहिलं काम जमलं म्हणून टेकला नाही, गाय पाळणंही ज्यांना अवघड त्यांच्याकडे वळला, हे मला त्यांच्या पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

आता अलीकडे एक बोल ऐकू येतो, की या संकरानं देशी वाणं मागे पडली. गोसेवेच्या वर्तुळातल्या अनेकांना हा संकर तेव्हाही पटला नव्हता. या बोलात तथ्य आहे. आमच्या भागात खिल्लार आता शर्यतीपुरती नि हौसेपुरती उरली आहे. संकरित गाईला खाद्य जास्त लागतं, ऊन सोसत नाही, कासदाह लवकर होतो. दुधाचा भाव पडला की हीच गाय घराला जड होते, हे आम्ही भोगलं आहे. पण ज्यांनी बहात्तर पाहिलं नाही त्यांनी हा निवाडा सावकाश करावा. आणि एक विसरू नये, की मणिभाईंनी सुरुवात गीरपासून केली होती. आपल्याकडे कोणी गीर गाईला विचारत नव्हतं, तेव्हा त्यांनी ते वाण उरळीत सांभाळून वाढवलं. आज ज्या गीर गाईच्या तुपाला पुण्यात मागेल तो भाव मिळतो, तिची नोंदवही उरळीत तेव्हाच लिहिली जात होती.

14 नोव्हेंबर 1993 ला मणिभाई गेले. तात्या त्याआधीच गेले होते. जीजी होती. तिनं त्या दिवशी दूध डेअरीला घातलं नाही. आळीतल्या पोरांना वाटलं.

जीजीच्या दुधाच्या पैशाचं काय झालं, तेही सांगते. माझी धाकटी आत्या आमच्या घरातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. तिला डी.एड.ला घालायचं ठरलं तेव्हा भावकीत बरीच बोलाचाली झाली. लग्नाला पैसा लागेल, तो शिक्षणात कशाला घालता, असं सगळ्यांचं म्हणणं. जीजीनं कोणाशी वाद घातला नाही. उतरंडीतल्या दुसऱ्या मडक्यात तिनं दुधाची बिलं नि पैसे ठेवले होते, ते तिनं आत्याच्या ओटीत घातले. वसतिगृहाचे पैसे, पुस्तकं, दोन सुती साड्या, यायच्या-जायच्या एसटीचं भाडं, सगळं त्या टिळ्याच्या कालवडीचं. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. तिचा पहिला पगार जीजीनं देवापुढे ठेवला नाही. गोठ्यात नेऊन गाईच्या कपाळाला लावला, आणि मग तिजोरीत ठेवला.